तिसरी हाक

वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर नसरापूरची गाडी अजून लागली नव्हती. छाया बाकाच्या टोकाला बसली होती. मांडीवर पिशवी. पिशवीत नारळ, लिंबं आणि नवऱ्याचा एक सदरा. सदरा आणायला जाणत्यानंच सांगितलं होतं.

तिचा धाकटा दीर सोमनाथ शेजारी उभा होता. बाकावर जागा होती, तरी उभाच होता.

फाल्गुनात भाताच्या वाफ्यावर जाळायच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडताना छायाचा नवरा बाजीराव झाडावरून पडून दगावला. तेव्हापासून तिला दुपारी घरामागच्या त्याच उतारावरून त्याची हाक ऐकू यायची. हातातलं काम टाकून ती मागच्या दारात जाऊन उभी राहायची आणि कुणी हलवेपर्यंत तिथंच असायची. हे बाहेरचं आहे, असं सासूनं ठरवलं. नसरापूरच्या बाजूला असलं बाहेरचं काढणारा एक जाणता होता. त्याच्याकडे तिला न्यायचं काम सोमनाथवर आलं.

"भावजी, तितं काय करत्यात?" छायानं विचारलं.

"काय न्हाई. अंगारा देत्यात. इचारत्यात, कोण हाईस, कुठनं आलास."

"मारत्यात का?"

सोमनाथनं रस्त्याकडं बघितलं. "तुमाला न्हाई मारत. त्येला मारत्यात."

छायानं पिशवी जवळ ओढली.

"तुमी त्यांच्यासंगं व्हता. परत एकदा सांगा."

"किती येळा सांगू, वैनी? मी झाडाखालीच फांद्या गोळा करत व्हतो. दादा पडला आन गेला. तोंडातनं शबूद सुदीक न्हाई."

पोलीस पाटलाला त्यानं हेच सांगितलं होतं, दहाव्याला जमलेल्या पाव्हण्यांनाही हेच. आता ते तोंडातून न अडखळता येई.

"म्हंजी ती हाक त्यांची न्हवती," छाया म्हणाली.

"कंची हाक?"

"त्या दिसाची."

सोमनाथ तिच्याकडं वळला. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"म्या भाकरी करत व्हते. वरनं माझं नाव ऐकू आलं. एकदाच. आत्याबाई म्हनत्यात, भर दुपारच्याला एका हाकंला ओ देऊ नये. तीन होऊ द्याव्यात. भुताला तिसरी मारता येत न्हाई. म्या तव्यावरची भाकरी तशीच ठिवून वाट बघितली. दुसरी आलीच न्हाई. मग म्या भाकरी उलथली."

तिनं पिशवीतला सदरा चाचपला.

"ते काय बी न बोलता गेले, आसं तुमी सांगितलं, तवा माझा जीव भांड्यात पडला. न्हाईतर म्या जगलेच नसते, भावजी."

गाडी आली. माणसं दाराशी दाटली, गाठोडी आत गेली. सोमनाथनं पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं बघितलं. छाया बाकावरून उठली होती, पण पुढं येत नव्हती.

"आज गेल्यावर ती हाक परत यायची न्हाई ना?"

"न्हाई यायची. चला."

"पर आवाज त्यांचाच हाय वो." तिचा स्वर एकदम बारीक झाला. "मोबाईलमंदी बी न्हाई त्यांचा आवाज. येवढाच काय तो ऱ्हायलाय. त्यो बी मारून हाकलायचा?"

सोमनाथनं पायरीवरचा पाय काढून घेतला. मागची माणसं त्याला ढकलून गाडीत चढली. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वैनी, दादानं हाक मारली व्हती."

छायानं पिशवी खाली ठेवली.

"मी झाडाखाली न्हवतो. वरच्या खिंडीत व्हतो. तितं रेंज येती, म्हनून मोबाईलवर बोलत बसलो व्हतो. पडल्याचं कळलंच न्हाई मला. आदी तुमाला हाक आली. मग आनि एक तुमालाच, पर ती बारीक व्हती. खाली पोचली नसंल."

"मग खोटं का बोलला?"

"तुमाला तरास हू नये म्हनून."

छाया त्याच्याकडं बघत राहिली. त्याला ते बघणं सोसेना.

"तिसरी माझ्या नावाची व्हती," तो म्हणाला. "म्हनलं, फांद्या उचलाया बोलावत आसंल. बोलनं सपवून मग खाली आलो."

तो तसाच उभा राहिला. तिनं मारावं, चार माणसांत ओरडावं, काहीही करावं. कंडक्टरनं दारातून डोकं काढून विचारलं, "नसरापूर? येताय का?" घंटी वाजली. गाडी काळा धूर सोडत वळणाआड गेली, आणि स्टँडवर ती दोघंच उरली.

छायाचे ओठ हलत होते. ती मनात त्या तीन हाका लावून बघत असावी. एक तिला ऐकू आलेली, एक न आलेली, आणि एक याच्या नावाची.

"तुमाला बी येती का ऐकू?" तिनं विचारलं.

सोमनाथनं मान खाली घातली. "खिंडीत जायाचं सोडलं म्या. पर ती कुठं बी येती."

तिनं मान हलवली, जणू तिला हे ठाऊकच होतं. पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि गावाकडच्या रस्त्याला लागली. सोमनाथ जागेवरच होता. ती थांबली आणि वळली.

"चला की भावजी, बिगीबिगी. दुपार व्हायला आली. ते हाक मारतील, आन घरात ओ द्याया कुणी नसंल."