बारा थांबे

“थांबव गं जरा.”

निघाल्यापासूनची ही चौथी वेळ. सुनेनं दात आवळले आणि लाल गाडी कडेला घेतली. फुटपाथला लागून गाडीचं पोट खर्रकन घासलं.

“अण्णा, आज तपासणी आहे. दहाला पोचायचंय.”

“पोचू की. पेपर बघतो जरा.”

“पेपर घरी येतो आपल्याकडे.”

“तो वेगळा,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी ते भलंमोठं दार उघडलं.

मागून हॉर्न सुरू झाले. “हात देऊ?” तिनं विचारलं. “लावू नकोस,” नेहमीचं उत्तर आलं. ती मनगटावरचं घड्याळ बघत बसली. अण्णा उतरले, स्टॉलवरच्या मोठ्या अक्षरांकडे बघून आले, काहीही न घेता परत आत धप्पकन बसले. “चल.”

गाडी नवऱ्याच्या हौसेची. दोन दारं, लांबलचक नाक आणि आवाज असा की सकाळी चालू केली की वरच्या मजल्यावरचं बाळ रडत उठायचं. घरची जुनी, साधी गाडी देऊन त्यानं ही आणली आणि महिन्याभरात नऊ महिन्यांसाठी बोटीवर निघून गेला. हौस समुद्रावर, गाडी हिच्या गळ्यात. डिकीत भाजीची पिशवी मावेना. प्रत्येक गतिरोधक तिरका, देवाचं नाव घेत ओलांडायचा. सिग्नलला शेजारी मोटरसायकलवाली पोरं शर्यतीसाठी इंजिन गुरगुरवायची, मग आत मफलर गुंडाळलेले अण्णा बघून तोंड फिरवायची.

अण्णांनी चाळीस वर्षं बस चालवली होती. “बसमधून माणसांची डोकी दिसायची,” ते म्हणायचे, “हिच्यातून चपला दिसतात.”

त्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. डावा पाय ओढत चालायचे, पण बसलं की उठवत नव्हतं. घरात एकटं ठेवायची सोय नाही, म्हणून रोज कामावर जाताना त्यांना नणंदेकडे सोडायचं, संध्याकाळी आणायचं. सुरुवातीला ती त्यांच्या काखेत हात घालून त्या खड्ड्यासारख्या सीटमधून ओढून काढायची. एकदा मणक्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. त्या दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून ती फोनवर नवऱ्याशी हळूच बोलली, “कंबर गेली हो माझी त्यांना उचलून उचलून. त्यांना कळता कामा नये. पण ही गाडी विका.”

त्याच आठवड्यात अण्णांना हे नवं खूळ लागलं. इथे थांबव, तिथे थांबव. आणि हात लावू नकोस.

व्यायामाच्या नावानं मात्र शून्य. फिजिओथेरपीच्या बाईंनी दिलेला कागद तिनं कपाटाला चिकटवला होता. “या वयात उठाबशा? मी काय शाळेत गृहपाठ विसरलो?” म्हणून अण्णांनी तो उलटा करून लावला. बाईंनी मागच्या वेळी स्पष्ट सांगितलं होतं, “पुढच्या तपासणीला खुर्चीतून आपले आपण उठले नाहीत, तर चाकाची खुर्ची घ्या. उगीच पडले तर हाड मोडेल.” अण्णा त्या दिवशी जेवले नव्हते.

आणि आज ती तपासणी. तरी पुढच्या चौकात “थांबव गं.” बेकरी नुसती बघितली. त्याच्या पुढे टपालपेटी.

“पत्र टाकायचंय?” तिचा आवाज कधी नव्हे तो चढला.

“नाही. किती वाजता उघडतात ते वाचलं.”

तिनं गाडी पुढे काढली. कामावर साहेबांची बोलणी खायची, ती या टपालपेटीच्या वेळांसाठी! नवरा काल एकदाचा ‘बरं, वीक गाडी’ म्हणाला होता. आज पाच वाजता गिऱ्हाईक येणार होतं. सुटले, ती मनाशी म्हणाली.

तपासणीच्या खोलीत बाईंनी सरळ पाठीची खुर्ची पुढे ओढली. “आजोबा, हाताची घडी. टेकायचं नाही कुठे. उठा बघू.”

सुनेनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा अण्णा उभे होते.

“परत,” बाई म्हणाल्या. अण्णा बसले, उठले. पाच वेळा. पाचव्यांदा उठताना त्यांनी सुनेकडे बघून भुवई उडवली.

“कागदावरचे व्यायाम केलेत वाटतं!”

“छे,” सूनच लाजून म्हणाली. “एक दिवस नाही केले.”

“शक्यच नाही. कुठल्यातरी ठेंगण्या जागेवरून उठायचा सराव आहे यांना. रोजचा.”

अण्णांनी खिडकीकडे बोट केलं. बाहेर फाटकापाशी लाल गाडी फतकल मारून बसली होती. “तिच्यातून. जाताना सहा थांबे, येताना सहा. आधी दार धरून, मग एका हातानं, आता बिनहाताचं. बस आहे बाई, थांबा चुकवून चालत नाही.”

सुनेला सगळे थांबे आठवले. प्रत्येक थांब्यावर तिनं घड्याळ बघितलं होतं, त्यांचे पाय एकदाही नाही.

“मला सांगायचं तरी, अण्णा! मी रोज चिडचिड करत होते.”

“सांगितलं असतं तर प्रत्येक थांब्यावर धावली असतीस उचलायला.”

गाडीपाशी आल्यावर सवयीनं तिचा हात त्यांच्या काखेकडे गेला. त्यांनी तो अलगद बाजूला केला.

“येऊ दे पाच वाजता गिऱ्हाईक. विकून टाक आता,” अण्णा म्हणाले. “आणि कंबर कशी आहे तुझी?”