एक तरी उरेल

म्हाताऱ्या लू हैशानचा हिशेब पक्का होता: राज्य कुणाचंही येवो, आपला एक मुलगा तरी उरेल.

चालून आलेल्या मांचूंचा हुकूम होता, डोकं भादरून मागे वेणी ठेवा, नाहीतर मान जाईल. जुन्या मिंग राजाचे सैनिक भादरलेलं डोकं दिसलं की फितूर समजून उडवत. म्हणून त्याने धाकट्या फेंगला भादरलं आणि थोरल्या जिनचे केस राखले.

“अगदी सोललेला भोपळा!” जिन हसला. “आणि बाबा, तुमचं काय?”

“मला टकल्याला कोण विचारतोय?”

सकाळी मांचू आले, त्यांनी जिनला धरलं. दुपारी मिंगांनी गाव परत घेतलं, त्यांनी फेंगला धरलं. म्हातारा दोन्ही वेळा लोळण घेऊन ओरडला, “त्याच्याऐवजी माझं डोकं घ्या!”



दोन्ही सैन्यांनी त्याचं टक्कल निरखलं, त्याला निर्दोष ठरवलं आणि एकेक मुंडकं हातात देऊन घरी पाठवलं.