हरीओमची बहीण

जोडवी निघेनात, तेव्हा निकितानं बोटांना साबण चोळला. उजव्या पायातलं निघालं, डाव्या पायातलं अडून बसलं. सासू कस्तुराबाई दारातून बघत होती.

"हळू काढ माय. असं ओढू नाही, अपशकुन होते," ती म्हणाली आणि स्वतःच ओशाळली. काढायला तिनंच सांगितलं होतं.

शेवटी तेही निघालं. मंगळसूत्र आधीच डाळीच्या डब्यात गेलं होतं. टिकली आरशावर चिकटवली होती. सकाळच्या एसटीनं दोन माणसं गावात उतरणार होती, आणि त्यांच्यासाठी निकिता या घरची सून नव्हती, लेक होती.

तिचा नवरा हरीओम फौजेत अग्निवीर म्हणून निवडला गेला होता, ट्रेनिंग चालू होतं. अग्निवीराला चार वर्षं लग्न करता येत नाही. फॉर्म भरला तेव्हा तो खरंच बिनलग्नाचा होता. निकाल लागायच्या आधी लग्न लागलं, आणि निकाल आल्यावर ते कुणी वर कळवलं नाही. गावानंही तोंड शिवून घेतलं. गावातलं पहिलं पोरगं फौजेत चाललंय, त्याच्या वाटेत काटा कोण टाकील? शेजारची गोजराबाई तर येता-जाता मुद्दाम हाक मारायची, "काय चाल्लं वं, हरीओमचे बहिनी?" निकिता हसायची आणि आत येऊन रडायची.

खरं तर ही निवड अर्धी तिची होती. लग्न झाल्यापासून पहाटे मेडशीच्या रस्त्यावर तो धावायचा, तेव्हा मागे सायकलवर तीच असायची. तो दमून बसला की रागावून उठवायची तीच. तो फौजेत टिकावा यासाठी ती काहीही करायला तयार होती. पण राखी पाठवावी लागेल, असं तिला वाटलं नव्हतं. "बहिनीची राखी नाही आली तं पोरं इचारतीन," तो फोनवर म्हणाला होता. मेडशीच्या दुकानात राखी निवडताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी निवडली चांगलीच.

दर रविवारी फोन यायचा. आजूबाजूला पोरं असायची, म्हणून तो तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला दादा. सुरुवातीला त्या शब्दावर त्याचा आवाज अडखळायचा. आता अडखळत नव्हता. बोलणं बहुतेक उस्तादांचंच, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्या हवालदारांचं. "कारंज्याकडचे हायेत. मले लय सांभाळून घेतात. ते नसते तं मले कवाचंच वापस धाडलं असतं."

मध्ये एकदा त्यानं तिचा फोटो मागवला. "उभा काढजो, ड्रेसवर. गळ्यात काही नोको." एवढ्या दिवसांनी त्याला आपली आठवण आली म्हणून ती इतकी हरखली, की त्या हरखण्याचीच तिला लाज वाटली. तुरीच्या शेतात, धुऱ्याच्या बांधावर उभं राहून तिनं फोटो काढून घेतला आणि पाठवला.

गेल्या रविवारी मात्र तो घाईत होता. "दोन मानसं येतीन घरी. तू समोर येजो. ते जे म्हनतीन त्याले नाही म्हनू नोको, ताई. माह्या नोकरीचा सवाल हाय."

"चौकशी हाय," सासरे नानाजी म्हणाले. "कोनंतरी कागाळी केली."

माणसं आली. गोजराबाईनंच त्यांना दारापर्यंत आणून सोडलं. एक टोपीवाले गृहस्थ आणि एक म्हातारी बाई. बाई पाहून निकिता चपापली. मग तिला वाटलं, बरोबरच आहे. घरात सून लपवली असेल, तर ते बाईच्याच नजरेला कळणार.

"हे कोन?" गृहस्थांनी विचारलं.

"आमची पोरगी," नानाजी जमिनीकडे बघत म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांचे कान लाल झालेले निकिताला दिसले.

"शिकली किती?"

"बारावी."

"घरचं काम कोन पाह्यते?"

"हेच करते सारं," कस्तुराबाई म्हणाली.

"सून येत नाही तवर लेकीवरच भार म्हना," बाई म्हणाली. कस्तुराबाईनं मान हलवली आणि पदर तोंडाशी नेला.

बाईनं पाणी मागितलं. निकिता आत जाऊन येईपर्यंत तिची नजर निकिताच्या पायांवर होती. जोडव्यांच्या जागी कातडीवर पांढरे पट्टे उठले होते. निकितानं पावलं सलवारीखाली ओढून घेतली. "पानी गोड हाय तुमचं," म्हणत बाईनं आणखी एक पेला मागितला आणि पुन्हा तसंच पाहिलं.

"हिचं लग्न?" गृहस्थांनी विचारलं.

नानाजींना ठसका लागला. कस्तुराबाई त्यांची पाठ चोळू लागली. शेवटी निकिताच बोलली.

"नाही झालं."

आजवर हे खोटं घरच्यांनी सांगितलं होतं, गावानं सांगितलं होतं. आज ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. आपण आपल्याच हातानं आपलं कुंकू पुसलं, असं तिला वाटलं. शरमेनं तिची मान वर होईना.

पण बाई मोकळं हसली. "झालं तं मंग. आता काही इचारनं नाही."

निकितानं श्वास सोडला. हरीओम वाचला होता.

बाईनं पिशवी पुढे ओढली. तिच्यातून नारळ निघाला, हिरवा खण निघाला, मग कुंकवाचा करंडा निघाला. नानाजींच्या हातातला कप तसाच राहिला.

"ये माय, जवळ बस," बाई म्हणाली आणि निकिताच्या मोकळ्या कपाळावर तिनं कुंकू टेकवलं. "माहा पोरगा हरीओमचा उस्ताद हाय. फोटो पाह्यला तवाच त्यानं पसंत केली तुले. पन हरीओमच म्हने, घरी जाऊन इचारा, माही बहीन नाही म्हननार नाही."