नजरेचे गुण

अल्गोरिदमच्या परीक्षेत शून्य मिळाल्याचं कळताच नसीम तांबोळी पांढरी काठी आपटत हिंगमिरे मॅडमच्या खोलीत शिरली. ती जन्मापासून आंधळी होती.

"परीक्षा यंत्र घेतं गं," मॅडम म्हणाल्या. "पडद्यावर आकडे क्रमाने लावण्याचं ॲनिमेशन चालतं, त्यात आकड्यांचे खांब सरकतात. विद्यार्थ्याची नजर योग्य वेळी योग्य खांबावर गेली, की गुण पडतात. तुझी नजर कॅमेऱ्याला सापडलीच नाही. लेखी परीक्षा तर सहा वर्षांपूर्वीच बंद झाली. मी काय करू?"

"मला येतं की नाही, हे तरी बघा!"

नसीमने पिशवीतून ब्रेलमध्ये आकडे उठवलेले सोळा पत्ते काढून पिसले. मग निम्मे-निम्मे करत ते सुटे केले आणि दोन-दोन जुळवत पुन्हा एकत्र आणले. प्रत्येक पायरीला असं का करायचं, तेही ती संतापून सांगत होती. शेवटी सोळाही पत्ते चढत्या क्रमाने लागले.

मॅडमनी याच परीक्षेत पहिल्या आलेल्या श्रिया केंद्रेला बोलावलं. पत्त्यांवर साधे आकडेही छापलेले होते. ते पुन्हा पिसून मॅडम म्हणाल्या, "याच पद्धतीने लाव."

श्रियाने दोन पत्ते उचलले, परत ठेवले. मग तिने भिंतीवरच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं.

"मॅडम, ॲनिमेशन सुरू करा ना."

मॅडमचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी प्राचार्यांना फोन लावला.

"सर, निकाल थांबवा. एकशे वीस मुलं पास झालीत आणि त्यांना काय येतं, हे आपल्याला ठाऊकच नाही!"