शेवटाचे पाच गुण

आठवी ब ची नाटकं तपासता तपासता शालनमिसनी दोन वह्यांवर पेन्सिलीने शून्य टाकलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. रोज बंगळूरच्या या टोकाहून त्या टोकाला, बसवनगुडीहून व्हाइटफील्डपर्यंत मेट्रोत उभं राहून यायचं, आणि वर हे.

इंग्रजीच्या तासाला मुलांनी स्वतः पाहिलेल्या प्रसंगावर छोटं नाटक लिहायचं होतं. पात्रं, संवाद, रंगसूचना, शेवट. प्रत्येकी पाच गुण. चार वाजता गुण भरायचं पोर्टल बंद होणार होतं. नऊ नाटकांत भुतं होती. बाराएक नाटकं सरळसरळ कॉम्प्युटरने लिहिलेली होती, त्यांत एक स्वल्पविरामसुद्धा चुकला नव्हता. त्यांना मिसनी मुकाट्याने चौदा-चौदा देऊन टाकले होते. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

या दोन मात्र उघड नकला होत्या. दोन्हींत एका फ्लॅटमध्ये आजीची मोत्याची कुडी हरवते. मालकीण कामवालीला विचारते, "खोलीत तुझ्याशिवाय गेलं कोण?" पुढचे सात संवाद त्याच क्रमाने तेच. एक वही शाल्मलीची, दुसरी दिव्यश्रीची. शाल्मलीचं इंग्रजी फाडफाड. दिव्यश्री सरकारी कोट्यातल्या जागेवर आलेली, के. आर. पुरमहून बसने येणारी. कुणी कुणाचं उतरवलं याबद्दल मिसना शंकाच नव्हती.

मधल्या सुट्टीत त्यांनी दिव्यश्रीला आधी बोलावलं. तिच्याही घरी मराठीच, म्हणून त्या मराठीतच बोलल्या.

"शाल्मलीची वही कधी घेतलीस?"

"घेतली नाही, मिस."

"मग एवढं सगळं सारखं कसं?"

"मी तिथंच होते, शाल्मलीच्या घरी. रविवारी आईसंगट जायचे मी, भांडी पुसायला." दिव्यश्रीने खाली बघितलं. "ती कामवाली माझी आई आहे, मिस."

मिसनी पेन्सिल खाली ठेवली. "सापडली का मग कुडी?"

"ठाऊक नाही. सोसायटीच्या गेटच्या अ‍ॅपवर आईचं नाव बंद केलंय. तिथल्या कुठल्याच फ्लॅटात तिला आता घेत नाहीत. महिना झाला." जरा थांबून ती म्हणाली, "घरी अप्पासुद्धा तिला रोज विचारतात, खरं सांग म्हणून."

"सरी, ठीक आहे. जा तू. डबा खा."

मिसना स्वतःची लाज वाटली. त्यांनी दोन्ही वह्या पुन्हा ओढल्या. शून्य देताना शेवटची पानं त्यांनी उलटलीच नव्हती.

दिव्यश्रीच्या नाटकात कामवाली फ्लॅटची चावी टेबलावर ठेवते आणि पडदा पडतो. शाल्मलीच्या नाटकात आणखी एक प्रवेश होता. चार दिवसांनी आजी कपाटातला स्वेटर काढते, खिशात हात घालते. कुडी. आई म्हणते, "आता कशाला सांगायचं? नवी बाई लावलीय ना आपण." पडदा.

शाल्मली आली. मिसनी तिच्यापुढे ते पान धरलं. "हे खरं आहे?"

तिने होकारार्थी मान हलवली. "आईने सांगितलंय मिस, कुणाला म्हणजे कुणालाच बोलायचं नाही." मग डोळे पुसत म्हणाली, "नाटक लिहू नको, असं नाही म्हणाली."

शेवटचा तास इंग्रजीचाच होता. प्रत्येक नाटक वर्गातल्या दुसऱ्या कुणीतरी तपासायचं, असा कोऑर्डिनेटरचा नियम होता. एवढे दिवस मिस ते रकाने स्वतःच भरून मोकळ्या होत. आज त्यांनी गठ्ठा उचलला आणि बाकाबाकावरून वह्या वाटत निघाल्या. शाल्मलीजवळ येऊन थांबल्या.

"तुझं कोण तपासणार?"

शाल्मलीने एकदा मागे, दिव्यश्रीच्या बाकाकडे बघितलं.

"दिव्यश्रीला द्या," ती म्हणाली.

दिव्यश्री ओळीखाली बोट धरून वाचत होती. शेवटच्या पानावर बोट थांबलं. तिने ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. शाल्मली मागे वळून बघत नव्हती. बाकीचा वर्ग कुणाला किती द्यायचे यावरून भांडत होता, आणि मिसनी त्यांना गप्पही केलं नाही.

घंटा झाल्यावर दिव्यश्री वही घेऊन टेबलापाशी आली. पात्रं पाच, संवाद पाच, रंगसूचना चार. शेवटाचा रकाना रिकामा होता.

"हे राहिलं," मिस म्हणाल्या. पोर्टल बंद व्हायला वीस मिनिटं होती.

"उद्या भरते, मिस." तिने वही दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "आज घरी नेऊ ही? अप्पांना वाचून दाखवायचीय."