उलटा पत्रा

गौसभाईंचा जन्म भवानी पेठेत मागावर चादरीची नक्षी उमटवणारी भोकांची कार्डं पंच करण्यात गेला. लेकीच्या, शबानाच्या, गणिती सूत्राबरहुकूम एका पातळ पत्र्याला भोकंही त्यांनीच पाडली. तिने तो पत्रा भिंगाच्या जागी आपल्या बिनभिंगाच्या कॅमेऱ्यात बसवला; भोकांतून आलेल्या उजेडावरून तेच सूत्र संगणकावर चित्र जुळवणार होतं, पण तीन दिवस पडद्यावर नुसता धुरळा.

"माझं सूत्रच चुकलं, अब्बा."

गौसभाई कॅमेऱ्यापुढे बसून पत्र्याचं एकेक भोक तिने काढून दिलेल्या नक्षीच्या कागदाशी ताडू लागले. पहिल्याच ओळीत जुळेना. म्हणजे आपलाच हात चुकला की काय? मग कार्डं तपासायच्या सवयीने त्यांनी कागद पालथा करून उजेडाला धरला, आणि सगळी भोकं जुळली.

"पत्रा उलटा बसवलाय की गं!"

पत्रा पलटताच पडद्यावर त्यांचीच दाढी लख्ख उमटली.

"अब्बा, माझं सूत्र बरोबर होतं!"

गौसभाईंनी डोळे पुसले. "आन् माझा हातबी, बेटी."