अंधारबाई

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत संशोधक बाईंचा मोठा दरारा होता. जिवंत पेशींवर प्रखर प्रकाश जास्त वेळ राहिला की त्या मरतात, म्हणून पाहणी झाल्यावर कुणी दिवा चालू ठेवला, की बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. विद्यार्थी त्यांना मागून 'अंधारबाई' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊकही होतं.

आज मात्र अंधारबाईंनी एका आईला स्वतः हाताला धरून सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. तिचा लहानगा हृदयाच्या दुखण्याने गेला होता. आजारपणात घेतलेल्या त्याच्या कातडीच्या इवल्याशा तुकड्यापासून बाईंनी काचेच्या बशीत हृदयाच्या पेशी घडवून वाढवल्या होत्या. ठोका पडला की दिव्याच्या प्रकाशात त्या हिरव्या चमकाव्यात, अशी सोयही त्यांच्यात केली होती.

"हे आपोआप होतंय?" आईने डोळा न हलवता विचारलं.

"हो. सगळं त्याचंच आहे."

"दमून आला ना, की अस्संच धडधडायचं. कुशीत घेतला की माझ्या हाताला लागायचं."

आई डोळे भरून बघत राहिली. आता आणखी उशीर केला तर पेशी हातच्या जाणार, हे बाईंना कळत होतं. मन घट्ट करून त्यांनी बटणाकडे हात नेला, तर आईने तो मध्येच धरला.



"मॅडम, दिवा राहू द्या ना. अंधारात एकटा झोपत नाही हो तो."